कमानीखाली अडवलेला माणूस

"बांगडी माझ्याच ट्रेमध्ये होती!" विमानतळाच्या तपासणी कक्षात आजींनी आकांत मांडला.

सुरक्षा अधिकाऱ्याने चोर केव्हाच ठरवला होता. दाढी, गोल टोपी, साठीकडे झुकलेले एक मास्तर. तीनदा झडती झाली, बूट उलटे करून झाले. बांगडी काही सापडेना आणि संशय काही जाईना.

"मुलीचं सकाळी ऑपरेशन आहे हो," मास्तर काकुळतीने म्हणाले. "विमान चुकलं तर भूल देण्याआधी तिला भेटता येणार नाही."

मागच्या रांगेतून वहिनी पुढे आल्या. खासगी हेर म्हणून त्यांचा चांगलाच दबदबा होता. सोबत नेहमीप्रमाणे त्यांचे दीर, भाऊजी. मनाने सरळ, डोक्याने जरा सावकाश.

"ह्यांना अडवलंत कुठे?" वहिनींनी अधिकाऱ्याला विचारलं.

"धातू शोधणाऱ्या कमानीखालीच. कमान वाजली नाही, पण धर्म दिसतोच की! तिथूनच ह्यांना बाजूला घेतलं आणि आम्ही तिघंही अधिकारी लगेच ह्यांच्याभोवती जमलो."

"आजी, तेव्हा तुम्ही?"

"पुढे बाकावर बूट चढवत होते. ट्रे सरकत्या पट्ट्याच्या टोकालाच राहिला."

मास्तरांच्या मागून आलेला टायवाला गृहस्थ वैतागला होता, कारण बांगडी मिळेपर्यंत कुणालाच पुढे सोडत नव्हते. "दर आठवड्याला इथून जातो, हा घोळ नेहमीचाच. माझं विमान सुटायला आलंय, आटपा!"

"भला माणूस आहे, वहिनी," भाऊजी कुजबुजले. "मास्तरांना पाहून बाकीचे पलीकडच्या रांगेत सरकले. हे मात्र तिकडची रांग सोडून मुद्दाम त्यांच्या मागे आले."

वहिनी हसल्या. "भाऊजी, केस तुम्हीच सोडवलीत."

भाऊजींनी आ वासला.

"मास्तर कमानीच्या पुढे गेलेच नाहीत," वहिनी अधिकाऱ्याला म्हणाल्या, "मग ट्रेपर्यंत हात कसा पोचेल? तुमच्या संशयानेच त्यांना निर्दोष ठरवलंय. आणि ह्या टायवाल्यांना एवढी घाई, तरी अडकणाऱ्या रांगेत का आले? दर आठवड्याचा अनुभव! मास्तरांसारखा कुणी दिसला की तुम्ही सगळे त्याच्याकडे धावता. मागच्याकडे ढुंकूनही बघत नाही."

"पण बांगडी लपवली कुठे?" भाऊजींनी विचारलं.

"लपवायची गरजच काय? ह्यांचे खिसे कुणी पाहिले?"

बांगडी कोटाच्या खिशातच निघाली. अधिकाऱ्याचा चेहरा पडला.

"माफ करा," तो मास्तरांना म्हणाला. "विमानाचं दार अजून उघडं आहे. धावत गेलात तर विमान मिळेल."

मास्तर जागचे हलले नाहीत.

"मी धावलो तर पुन्हा धरतील," ते म्हणाले. "बाई, माझ्याबरोबर धावाल का?"

 वहिनींनी चपला काढून हातात घेतल्या.

"भाऊजी, बॅगा उचला," त्या म्हणाल्या आणि मास्तरांच्या बरोबरीने पळत सुटल्या.