तिसऱ्या सिलिंडरची ऊब

विमान विकलं गेलं असतं तर तिघांचं भलं होणार होतं. नणंदेला शेड मोकळी मिळणार होती. विकत घेणाऱ्या दातांच्या डॉक्टरला दुसऱ्याच्या घामावर आयते पंख मिळणार होते. मेकॅनिकला काय मिळणार होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पण आठवड्यातून एकदा दाढी करणारा माणूस रोज गुळगुळीत होऊन यायला लागला, की नणंदांना वेगळं सांगावं लागत नाही.

"काय रे, हल्ली इंजिन गालाला गाल लावून तपासतात वाटतं?" तिनं विचारलं.

तो हसला असता तर निभावलं असतं. तो लाजला.

विमान त्याच्या मित्रानं, म्हणजे नणंदेच्या भावानं, याच शेडमध्ये सुट्टीच्या दिवसांत फासळी फासळी जोडून बांधलं होतं. इंजिन यानं बसवून दिलं. पहिलं उड्डाण व्हायच्या आत मित्र तापानं गेला. मागे राहिली बायको. हा तिला वहिनी म्हणे, ती याला भावजी. दोनच शब्द, पण मधे पक्की भिंत. त्या भिंतीला खिडकी पाडायची तर आधी हे विमान हलायला हवं होतं, कारण वहिनी रोज दुपारी त्यात जाऊन बसे. नवऱ्याच्या जागेवर नाही, शेजारच्या.

डॉक्टरची अट एकच होती: उष्णतेचे आकडे खरे दिसले पाहिजेत. चार सिलिंडरांचा धूर चार नळ्यांतून बाहेर पडतो. प्रत्येक नळीत एक सेन्सर, आणि धूर किती तापला ते कॉकपिटमधल्या छोट्या पडद्यावर दिसतं. इंजिन बंद असलं की चारी आकडे हवेइतके खाली यायला हवेत. शेडमधली हवा चौदा अंशांची. तीन सेन्सर चौदा दाखवत. तिसरा सदतीसवर अडून बसलेला.

असल्या दुखण्यावर मेकॅनिकांचा एक सोपा उपाय असतो. शेजाऱ्यांची अदलाबदल करायची. तिसरा सेन्सर दुसऱ्या नळीत, दुसरा तिसऱ्या. खोड सेन्सरबरोबर गेली तर सेन्सर नासका. जागेवर राहिली तर दोष पुढे कुठेतरी. त्यानं अदलाबदल केली. खोड सेन्सरबरोबर गेली नाही, जागेवरही राहिली नाही. ती चौथ्यात दिसली.

त्यानं वायरी बदलल्या. पहिल्यात दिसली. पडदा बदलला. पुन्हा तिसऱ्यात.

वहिनी चहा आणायला घरात गेली आणि चारी आकडे चौदावर आले. परत येऊन बसली, तसा एक हलकेच चढला.

"वहिनी, जरा उतरता?"

"का हो?"

"तुम्ही बसलात की एखादी वायर दबत असेल."

ती उतरली. आकडाही उतरला, दारातून पाय न निघणाऱ्या पाहुण्यासारखा. मग हा स्वतः तिथं बसला. चौदा. नणंदेला बसवलं, ती वहिनीच्या दीडपट. तरी चौदा.

"बाई गं," नणंद म्हणाली, "मला बघून इंजिनही गार पडलं!" आणि आपला कप उचलून घरात गेली.

वायर दबत नव्हती. वहिनी परत बसली. सदतीस.

"भावजी, हा बिघाड नाही."

"मग काय आहे?"

"शेवटच्या आठवड्यात थर्मामीटर झटकून झटकून मी याच आकड्याची वाट बघत होते. सदतीस, म्हणजे ताप उतरला. एकदाही आला नाही." तिनं पडद्यावर बोट ठेवलं, कपाळावर ठेवावं तसं. "आता हे बरे आहेत."

त्यानं पाना घेतला आणि चारी सेन्सर काढून ट्रेमध्ये ठेवले. वायरींची टोकं नुसती लोंबत राहिली.

पडद्यावर सदतीस.

त्यानं तिसऱ्या नळीला तळहात लावला. नुकतंच कुणी उठून गेलेल्या उशीसारखी ती उबदार होती.

"डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळवा," वहिनी म्हणाली.

"आणि मी?"

इतकी वर्षं गिळलेला प्रश्न असा दोन शब्दांत बाहेर पडला. तिला तो कळला. तिनं मान खाली घातली, आणि अगदी मायेनं म्हणाली, "तुम्ही खूप केलंत, भावजी."

म्हणजे भिंत तशीच राहिली. डॉक्टरचे पंख गेले, नणंदेची शेड गेली. याचं जे गेलं ते कधी हातात आलंच नव्हतं, त्यामुळे ते मोजणार तरी कसं? तिघांचंही नुकसान तसं किरकोळच.

"चला, उतरा," तो म्हणाला. "चहा निवला."

त्यानं हात पुढे केला. आज पहिल्यांदाच तिनं तो धरला. या क्षणाची त्यानं झुरून वाट पाहिली होती. आणि क्षणभर त्याला खरंच इंजिन आठवलं नाही, मित्र आठवला नाही.

मग आठवलं. ऊब कुठून तरी यावी लागते. इंजिनवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

ती हसत होती. गाल नेहमीसारखेच होते. बोटं घट्ट होती, जिवंत होती.

फक्त हात चौदाचा होता.