खोऱ्यातला एकच उजेड

कोळवणला राहायला आल्यावर छतावर सोलर मी हौसेनं बसवलं. पण वीज गेली की तेही आपोआप बंद पडायचं, आणि त्याबरोबर माझ्या बायकोचं, शुभांगीचं, ऑक्सिजनचं मशीन. मग धावपळ, सिलिंडर, नळी. यंदा श्रावणात कैलास इलेक्ट्रिशियननं बॅटरी जोडून दिली. मेन स्विच पाडून पाहिला, दिवा लुकलुकलासुद्धा नाही. मी खूश. सिलिंडर त्याच दिवशी परत पाठवून दिला.

कामाला येणाऱ्या सगुणाबाई मात्र भिंतीवरच्या बॅटरीच्या पांढऱ्या डब्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजी लाइट गेली तरी हितं उजेड ऱ्हाणार?"

"राहणारच. त्यासाठीच तर घेतली."

"लाइट गेली की वाडीत आमी चुलीवरबी राख वढतो. गप बसायचं. अंधारात ते निगून जातं."

"काय निघून जातं?"

त्या भांडी घासायला निघून गेल्या. चाळीस वर्षं कारखान्यात वायरिंग केलेला माणूस मी. भुताला अर्थिंग लागत नाही, असं म्हणून हसलो.

सोमवारी दिवेलागणीच्या सुमारास ढग इतके खाली उतरले की भातखाचरं दिसेनाशी झाली. वीज गेली. समोरची वाडी काळीठिक्कर. अख्ख्या खोऱ्यात आमचं एकच घर लखलखत होतं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

मग बेडूक गप्प झाले.

सगुणाबाई धावत एकेक दिवा मालवू लागल्या. अंगणात कोणीतरी चालत होतं. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज येत होता, टाकल्याचा नाही.

पायरीशी ते थांबलं.

"सायेब, ते मशीन बंद करा," सगुणाबाई कुजबुजल्या.

"ती गुदमरेल!"

मशीनवरचा हिरवा दिवा तेवढा जळत होता. दार बंदच होतं, तरी ओल्या घोंगडीचा वास खोलीत शिरला. शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं आणि हात लांबवून स्वतःच बटण दाबलं.

अंधार.

तिची धाप ऐकू येत होती.

मग तीही ऐकू येईना.

वाडीत वीज आली तेव्हा मी दिवा लावला. अंगण रिकामं होतं. शुभांगी पलंगावर उठून बसली होती. नळी तिनं नीट गुंडाळून ठेवली होती.

"अहो, किती मोकळं वाटतंय!"

तिनं चहा केला. दोन वर्षांनी जिना चढून गच्चीवर जाऊन आली. मला रडू आवरेना. मी तिला घट्ट मिठीत घेतलं.

तिची छाती हलत नव्हती.

मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

सगुणाबाई काल आल्या नाहीत, आजही नाहीत. शुभांगी आत पोळ्या लाटतेय. उद्या डॉक्टर तिची छाती तपासणार होते. मघाशी फोन करून मी वेळ रद्द केली.