अहस्त जेवण

मिरजेत कुणाच्या घरातून फोडणीचा वास येत नव्हता, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. सकाळी साडेअकराला गच्चीवर टक्क आवाज करत डबा उतरायचा. लोक झाकणावरचा हिरवा दिवा बघायचे आणि मगच त्याला हात लावायचे. हिरवा दिवा म्हणजे आतलं अन्न 'अहस्त' : यंत्रानं पिकवलं, यंत्रानं शिजवलं, यंत्रानं बंद केलं, माणसाचा हात कुठेच लागला नाही.

कोरडा ताप नावाची साथ येण्याआधी हीच माणसं मोबाइलवर जेवण मागवताना काय काय विचारायची, आठवून बघा. तिखट आहे का, रस्सा वेगळा देणार का, कांदा जास्त टाका. जरा उशीर झाला की डिलिव्हरीवाल्याला चार शब्द ऐकवायची. मग ताप आला. तो अन्नाला लागलेल्या हातांमधून पसरतो हे सिद्ध झालं, आणि सगळ्यांची हौस एका फटक्यात जिरली. गिऱ्हाईक एकच विचारू लागलं, कुणी हात लावलाय का? डबे पुरवणाऱ्या कंपनीच्या रोजच्या प्रश्नावलीत 'चव कशी होती?' असाही एक प्रश्न असायचा. तिसऱ्या वर्षी तो काढून टाकला, कारण त्याचं उत्तर कुणी देतच नव्हतं. एका पेढ्यावरून तासभर वाद घालणारी आपण माणसं, पण तो प्रश्न गेला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही.

स्नेहल मगदूमला मात्र त्याचं वाईट वाटलं होतं. तिचा नवरा पहिल्याच लाटेत गेला. ताप लहान मुलांना सोडत नव्हता, म्हणून सरकारनं सगळी मुलं पाचगणीच्या बंदिस्त वसतिगृहांत हलवली. तिचा अर्हम तेव्हा सहा वर्षांचा होता, आता सतरा. महिन्यातून एकदा काचेपलीकडून भेट व्हायची, आणि दर भेटीत ती त्याला दहीबुत्तीचं सांगायची. मऊ भात, घट्ट दही, वर गार झालेली मोहरी-मिरचीची फोडणी, आणि कालवायचं हातानंच, चमचा नाही चालायचा. "ताट चाटूनपुसून साफ करायचास तू, आणि म्हणायचास, आई अजून." अर्हम काचेपलीकडून शहाण्यासारखा मान हलवायचा.

यंदा ताप संपल्याचं जाहीर झालं. घरी स्वयंपाकाला परवानगी मिळाली, मुलंही टप्प्याटप्प्यानं परतणार होती. त्या आनंदात स्नेहलनं एक घोळ घातला. परत पाठवायचा रिकामा डबा तिनं रिकामा पाठवलाच नाही. उरलेल्या पोळ्या कुस्करल्या, गूळ-तूप घातलं, दोन लाडू वळले आणि डब्यात ठेवून दिले.

चौथ्या दिवशी दार वाजलं. दारात तिशीची एक मुलगी उभी होती. डॉ. नाझनीन बारगीर, कंपनीच्या प्रयोगशाळेतली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ.

"काकू, तुमच्या डब्यात दोन गोळे सापडले."

"गोळे काय म्हणतेस? पोळीचे लाडू आहेत ते."

"पण डबा रिकामा पाठवायचा असतो."

"भरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं असतं होय गं? शेजारणीची वाटी आली तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायचो आम्ही. अकरा वर्षं रिकामे डबे पाठवले, दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं."

"डबा यंत्र पाठवतं, काकू."

"यंत्रामागं कुणीतरी असेलच की. आलीसच ना तू?"

नाझनीनला हसू आलं. "खरं सांगू? त्यातला एक मी खाल्ला. माझी आई करायची असेच. दुसरा मात्र तपासला, आणि तुमचा मुलगा वसतिगृहात आहे हे नोंदीत दिसलं, म्हणून धावत आले. तुम्ही त्याला तुमच्या हातचं खायला घालणार असाल ना?"

"ते काय विचारणं झालं?"

"मग आधी माझं ऐका." नाझनीन खुर्ची ओढून बसली. "अमकीच्या हाताला चव आहे, असं आपण म्हणतो. ते नुसतं कौतुक नसतं. आपल्या तळहातावर डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव राहतात. आम्ही त्यांना हस्तजीव म्हणतो. प्रत्येकाचे वेगळे. लाडू वळताना, भात कालवताना ते अन्नात उतरतात, त्याला किंचित आंबूस चव देतात, स्वतःचा वास देतात. हाताची चव ती हीच. आणि खाणाऱ्याच्या पोटात जाऊन ते तिथंच वस्ती करतात. आईच्या हातचं खाऊन वाढलेलं मूल आईचे हस्तजीव पोटात घेऊन फिरतं. शरीर त्यांना घरचे समजतं."

"चांगलंच आहे की मग."

"माझ्यासारख्या मोठं होईपर्यंत घरचं खाल्लेल्यांना काही होत नाही, पण अर्हमच्या पोटात ते आता उरलेले नाहीत. अकरा वर्षं त्यानं अहस्त खाल्लंय, त्याचं शरीर तुमचे हस्तजीव विसरलंय. गेल्या महिन्यात चार मुलं घरी गेली आणि आयांच्या हातचं जेवली. चौघांचाही घसा सुजला, श्वास अडकला. एक मुलगी थोडक्यात वाचली."

स्नेहलनं आपले तळहात उलटसुलट करून बघितले. "म्हणजे माझाच हात त्याला बाधणार म्हण."

"हातमोजे घालून कालवा, काही होणार नाही."

"मग तो डबाच झाला की." तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "अकरा वर्षं त्या एका जेवणावर काढलीत मी, पोरी. दुसरं काही नको मला."

नाझनीननं मग दुसरी वाट सांगितली. लाडवातले हस्तजीव तिनं प्रयोगशाळेत जपून ठेवले होते. ते लाखपट पातळ करायचे आणि त्याचा एकच थेंब रोज अर्हमच्या जिभेवर ठेवायचा. मग मात्रा हळूहळू वाढवत न्यायची. शरीराला दारात आलेल्या माणसाची नव्यानं ओळख करून द्यायची, एवढंच. त्या थेंबाला ती 'ओळखमात्रा' म्हणत असे. दोन महिने लागणार होते.

"लागू देत," स्नेहल म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात अर्हमचे ओठ टरारून सुजले. स्नेहल काचेला डोकं टेकून रडली. "राहू दे बाळा, नको करूस काही. मी डबाच वाढीन तुला." तो सुजलेल्या ओठांनीच म्हणाला, "तुला खायला घालायचंय ना? मग मी खाणार." असं गुणाचं पोर. मात्रा पुन्हा कमी करून सुरू केली.

एका रविवारी दुपारी तो घरी आला. आईपेक्षा वीतभर उंच. चप्पल कुठे काढायची, हे त्यानं विचारलं. फोडणी तडतडली तसा तो दचकला आणि चार वेळा शिंकला. श्वास अडकलाच तर टोचायची सुई भरून नाझनीन कोपऱ्यात तयार बसली होती. स्नेहलनं भात परातीत मोकळा केला, दही घातलं, बांगड्या मागे सारल्या आणि कालवायला घेतलं.

अर्हमनं घास घेतला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नाझनीननं त्याचा घसा बघितला, श्वास ऐकला, ओठांवरून बोट फिरवलं. काही नव्हतं. तिनं सुई पेटीत ठेवली आणि तिचे डोळे पाणावले. "काकू, जमलं. शरीरानं तुम्हाला ओळखलं."

स्नेहलला हसावं की रडावं कळेना. ती त्याच्या समोर बसली. "कसं लागतंय रे?"

अर्हम विचार करू लागला. त्याला खोटं बोलता येत नसे. "चांगलंय," तो म्हणाला आणि आणखी एक घास घेतला. "आई, रागावू नकोस. वसतिगृहात डबा उघडला की आधी वाफ यायची बघ, तिला कसलाच वास नसायचा. ती आली की मला बरं वाटायचं. सकाळपासून तिचीच आठवण येतेय. हे चांगलंच आहे, पण कुणाच्या तरी घरी जेवायला आल्यासारखं वाटतंय."

नाझनीननं सुईची पेटी मिटली. यावर तिच्याकडे मात्रा नव्हती.

स्नेहल उठली. परातीतली दहीबुत्ती तिनं पुन्हा त्याच्या ताटात वाढली, वरची मिरची वेचून बाजूला काढली.

"लाजू नकोस," ती म्हणाली, "सावकाश होऊ दे."

असं आपण पाहुण्यांना म्हणतो, हे तिला म्हणून झाल्यावर कळलं.