इरम्माने केलेला अभिषेक

मुरुम गावाजवळच्या तलावात त्या मे महिन्यात पाणी कमी आणि ट्रॅक्टर जास्त होते. शिवप्रिया तिथं सोमेशला पहिल्यांदा भेटली. म्हणजे त्याच्या जेसीबीच्या बकेटसमोर हात पसरून उभी राहिली.

"मॅडम, सरका की. गाळ शेतात न्यायचाय."

"हे थर आहेत हो," ती थकून म्हणाली. जुन्या हवामानाच्या अभ्यासासाठी पुण्याहून आल्यापासून ती सगळं थकूनच म्हणत होती. "जोराचा पाऊस भरड वाळू आणतो, दुष्काळात पांढरा क्षार साचतो, मधे फुलांचे परागकण… हजारो वर्षांचं हवामान आहे इथं."

"मग निघालं काय?"

"दुष्काळच जास्त."

"अरारा! खाली बी त्येच?"

तरी तो उतरला. थरांचा नमुना घ्यायला दोघांनी मिळून घणाने लांब नळी गाळात ठोकली आणि भरून वर ओढली. तिच्या कपाळावरचा चिखल पुसायला त्याने हात पुढे केला… हात चिखलाचाच होता. कपाळ आणखी भरलं. ती कितीतरी दिवसांनी हसली.

नळी उमरग्याच्या लॉजमधल्या तिच्या खोलीत मावेना, म्हणून पांढऱ्या फडक्यात गुंडाळून सोमेशच्या ओसरीवर उभी केली.

सकाळी बघते तर नळीला विभूती, झेंडूची माळ, आणि सोमेशची आई इरम्मा तांब्या घेऊन उभी. पोराने जत्रेत मिरवायची नंदीध्वजाची उंच काठी आणली, असं तिला वाटलेलं.

"बूच होतं, काढलं म्या. देवाचं त्वांड बांधून ठेवतेत व्हय, पोरी?"

तांब्यातल्या पाण्याने वरच्या थरांचा काला होऊन अंगणात वाहत होता. गेल्या शंभर वर्षांवरून एक कोंबडी निवांत चालली होती.

शिवप्रिया पायरीवर बसली. रडायचंही त्राण नव्हतं. वरचे थर न उपसलेला एकच पट्टा तलावात उरला होता, आणि तो आज जाणार होता. तो गेला की तिचं तीन वर्षांचं काम गेलं.

सोमेश तिला घेऊन तडक निघाला. तलावात जाऊन त्याने जेसीबी ट्रॅक्टरांच्या वाटेत आडवा लावला, चावी खिशात टाकली आणि घण उचलला. ड्रायव्हर लोक बाभळीखाली पत्ते कुटायला बसले.

दुसरी नळी निम्मी आत गेली तोच जेसीबीच्या मालकाचा, व्यंकटशेठचा, फोन आला. चिखलाच्या हाताने सोमेशने स्पीकर लावला.

"मशीन बिघडलं का रे?"

थाप मारावी तर तीही सुचेना, इतका तो दमला होता. "न्हाय मालक. मशीन चांगलंय. मॅडम आवडल्यात."

शिवप्रियाने नळी घट्ट धरली. पलीकडे पंख्याच्या आवाजात शेठ खाकरले.

"…बरं. किती वेळ लागंल?"

सोमेशने तिच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झालेले. "मॅडम… काय सांगू?"

"नळीचं दुपारपर्यंत होईल म्हणावं," ती नळीकडेच बघत म्हणाली. "बाकीचं… थर सावकाश बसतात."

"मालक," सोमेश फोनमध्ये अदबीने म्हणाला, "लई वर्षं लागतील."