हिरवट की गुलाबी?

“अहो, हा फोटो तुम्हाला हिरवा दिसतो का?”

ना नमस्कार, ना नाव. पावसात भिजलेला तो थेट काउंटरपाशी आला आणि एक ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट त्याने माझ्या नाकासमोर धरली. नाशिकच्या कॉलेज रोडवर, पहिल्या मजल्यावरच्या मामाच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आणि इंकजेट प्रिंटर मीच सांभाळायचे. दोन हजार सहापर्यंत नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघून झाली होती. पण एवढ्या काळजीने बघणारे डोळे... जाऊ दे.

“हिरवट आहे,” मी ट्यूबलाइटखाली बघून म्हणाले.

“आणि आता?” त्याने ती खिडकीशी नेली.

आता चक्क गुलाबी!

“जादू करता का तुम्ही?”

“जादू येत असती तर चार स्टुडिओ कशाला पालथे घातले असते?”

नाव देवव्रत. घर पंचवटीत, वडील पूजा सांगणारे गुरुजी, आणि हा येवल्याला जाऊन पैठणी विणणाऱ्या कुसाबाईंचे फोटो काढत बसलेला! दहा दिवसांवर प्रदर्शन होतं, आणि प्रिंट स्क्रीनवर दिसते तश्शीच हवी हा हट्ट.

“पैठणी, आणि ब्लॅक अँड व्हाइट? कुसाबाईंनी एवढे रंग भरले ते पुसायला?”

“रंग असले की लोक साडी बघतात. मला त्यांचे हात दाखवायचेत.”

मी ऑर्डर लिहून घेतली. वाद घातल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही, मामाला विचारा.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या मॉनिटरवर एक छोटंसं यंत्र लटकवलं आणि स्क्रीनचे रंग मापून नीट करून घेतले. “आता हा खोटं बोलणार नाही,” म्हणाला. खोटं बोलत होता तो प्रिंटर! राखाडी रंगसुद्धा तो रंगीत शाया मिसळून करायचा, म्हणून उजेड बदलला की फोटोची छटा बदलायची. मग रोज दुपारी आमचं भांडण. मी म्हणे हिरवट, तो म्हणे गुलाबी. बाहेर पाऊस यायचा, जायचा, खिडकीतला उजेड पुन्हा वेगळाच.

“नीट बघा ना, यशश्री...”

मी नीटच बघत होते. पण प्रिंटकडे बघत होते का? छे, मला काही कळेनासंच झालं होतं. तो आला की चिडायचे, आला नाही की जास्तच चिडायचे.

आणि घरी वेगळाच घोळ. पुण्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. आईने पत्रिका बघायला दिली होती. जुळली तर रविवारी मंडळी येणार, आणि आई-बाबांना घर इतकं पसंत होतं की पुढे सगळं ठरल्यातच जमा. न जुळो, न जुळो, असं मी मनात घोकत होते. का, ते स्वतःलाही सांगत नव्हते.

आठव्या दिवशी आम्ही नुसत्या काळ्या शाईने प्रिंट काढायला लावली, आणि मी चहा सांगायला खाली गेले. वर आले तर देवव्रत फोन ठेवत होता. चेहरा पार गोंधळलेला.

“तुमच्या आईंचा फोन होता. म्हणाल्या, यशश्रीला सांगा, जुळली!”

मी जिन्याच्या तोंडाशीच थांबले.

“पण त्यांना कसं कळलं?” तो म्हणाला. “प्रिंट तर अजून मीसुद्धा बघितली नाही.”

हसावं की रडावं?

“प्रिंट नाही हो... पत्रिका. माझी. पुण्याच्या मुलाशी.”

तो स्टुलावर बसला. मग एकदम, “कुणी बघितली पत्रिका?”

“पंचवटीतल्या ढुंढिराजगुरुजींनी.”

“बाबांनी?”

त्याच्याकडे बघवेना म्हणून मी प्रिंट उचलली. ट्यूबखाली राखाडी. खिडकीशीही राखाडी. स्क्रीनवरचेच ते कुसाबाईंचे हात.

“जुळली,” मी म्हणाले, आणि रडूच आलं.

“काय?”

“प्रिंट!”

त्याने ती माझ्या हातातून घेतली आणि न बघताच टेबलावर ठेवली. आठ दिवस जिच्यासाठी भांडलो, तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही!

“यशश्री, मी आज बाबांना माझी पत्रिका देतो. तुझ्या पत्रिकेशी... चालेल?”

तुझ्या! इतके दिवस अहो-जाहो करणारा हा माणूस.

“आणि नाही जुळली तर?”

“तरी तूच हवीस. बाबांशी मी भांडेन. पण आधी तू हो म्हण.”

मी हो म्हटलं नाही. फोन उचलला आणि घरचा नंबर फिरवला.

“आई, पुण्याच्या लोकांना नाही म्हणून कळव.”

“अगं, मुलगा न बघताच?”

“बघितलाय गं... आठ दिवस रोज बघतेय.”

“पुण्याचा मुलगा नाशकात कधी आला?”

देवव्रत समोरच उभा होता. कानाच्या पाळ्या लालबुंद.

“पुण्याचा नाही गं, आई,” मी त्याच्याकडे बघत म्हणाले. “पंचवटीचा. ढुंढिराजगुरुजींचा.”