तांबडा स्पंज

या गं पोरींनो, जवळ सरका. देवळात स्तोत्रं सुरू व्हायला वेळ आहे, तोवर आपल्या कालिम्नोस बेटाचीच एक गोड गोष्ट सांगते.

सेवस्ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिचे वडील समुद्रात बुडी मारून स्पंज काढायला गेले, ते परतलेच नाहीत. तेव्हाच तिनं ठरवलं होतं — पाणबुड्यात जीव गुंतवायचा नाही.

आणि धक्क्यावर नेमका पाणबुड्या थेमेलिसच भेटला, दोर वळत बसलेला.

"मुलांना दाखवायला स्पंज हवाय. उत्तमातला."

चार दिवसांनी त्यानं आणला. पायांनी तुडवून साफ केलेला, धुतलेला, उन्हात वाळून मधासारखा पिवळा झालेला.

"अहो, हा तर मेलेला आहे. मुलांना जिवंत प्राणी दाखवायचाय."

"मग? बाई, जिवंत स्पंज मागणारं गिऱ्हाईक आजवर पाहिलं नाही."

"मी गिऱ्हाईक नाही."

"ते… दिसतंय."

ती हसली, आणि मग हसल्याचाच तिला राग आला.

दुसऱ्या सकाळी तो बादलीभर समुद्र घेऊन वर्गात हजर. बाह्या भिजलेल्या. पाण्यात एक तांबडा, ओबडधोबड स्पंज.

"याला बाजारात कुणी विचारत नाही. पण जिवंत आहे."

सेवस्तीनं त्याचा तुकडा तलम फडक्यातून ताटलीत पिळला. काचेच्या ताटलीतलं पाणी तांबूस धुकं झालं.

"मारलात की हो, बाई," एक मुलगी कळवळली.

"थांब. उद्या बघ."

थेमेलिस दारातच उभा होता. त्याचं लक्ष ताटलीकडे नव्हतं…

दुसऱ्या दिवशी धुकं निवळलं होतं. स्पंजचे सुटे झालेले जिवंत कण एकमेकांना बिलगून तळाशी तांबडे मणी झाले होते. मुलं ताटलीवर वाकली. थेमेलिस पुन्हा दारात — खांद्यावर पिशवी. ईस्टर सरला होता, स्पंजच्या नावा शरदापर्यंतच्या सफरीला निघत होत्या.

"यांना डोळे असतात, बाई?"

"नाहीत."

"तरी एकमेकांना शोधलं. मला तर दोन आहेत… परतीची वाट सापडेल."

सेवस्तीच्या मनात आलं — वडीलही असंच काही म्हणाले असतील. तिनं खणातून तो पिवळा स्पंज काढला, ओला केला आणि त्याच्यादेखत फळा पुसू लागली.

"आता रोज यानंच पुसणार," ती पाठमोरीच म्हणाली. "हा झिजायच्या आत या. दुसरा मी कुणाकडून घेणार नाही."

शरदात तो आला. स्पंज बराच झिजला होता, पण होता.

घंटा झाली, चला. मेणबत्ती लावाल तेव्हा सेवस्तीच्या वडिलांची, लाझारोसची, आठवण काढा. थेमेलिस परतला, ते नाही; पण त्यांची वाट पाहणारं घर अजून इथंच आहे.