मेहुण्याची मान

ज्या प्रयोगशाळेत मी बेडकांच्या टाक्या धुण्याचे काम करतो, तेथेच माझ्या मेहुण्यासही मी चिकटवून दिले होते. पत्नीचा तो एकुलता एक भाऊ. त्याला सांभाळण्याची जबाबदारी तिने माझ्यावर सोपविली होती. आमचे बेडूक परदेशी. ते जहाजांतून आले आणि इथल्या तळ्यांचे मालक होऊन बसले. त्यांची नाजूक कातडी सोलवटू नये म्हणून हातमोजे न घालता, ओल्या हातांनीच त्यांना धरण्याची आमच्याकडे रीत आहे. बोटाला चीर पडलेली असतानाही मेहुण्याने ही रीत पाळली. घरी पत्नी उघड्या हातांनीच त्याच्या बोटाची पट्टी बदलत असे.

"दाजी, माझ्या ताईपेक्षा या बेडकांचे लाड जास्त करता तुम्ही," तो म्हणे.

एकदा संशोधक बाईंनी मला बेडकाच्या पोटातील किडा दाखविला. तांदळाच्या कणीएवढा, पांढरा.

"हा बेडकात वाढतो, पण अंडी घालतो एका पक्ष्याच्या पोटात. तो पक्षी आपल्याकडे नाहीच. त्यामुळे हे किडे बिचारे बेडकातच अडकून पडलेत."

"पण पक्ष्याच्या पोटात जातो कसा?"

"बेडकाला उघड्यावर आणून बसवतो. बेडूक मान वर करून बसतो. पक्षी आला तरी पळतच नाही."

पुढे मेहुण्याचे जेवण सुटले. कामावरून परतताच तो गच्चीवर जाऊन कठड्यापाशी उकिडवा बसू लागला. भर उन्हात, मान ताणून, तोंड किंचित उघडे ठेवून. डॉक्टरांनी रक्त तपासले. काहीही आढळले नाही.

"काय रे, कुणाची वाट बघतोस?" मी विचारले.

"कुणाची नाही. इथं बरं वाटतं, दाजी."

त्याच्या गळ्याची कातडी श्वासागणिक फुगत होती.

एका दुपारी गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर एक उंच, राखाडी पक्षी उतरला. तसा पक्षी मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मेहुण्याने मान आणखी वर केली.

मी विटेचा तुकडा भिरकावला. पक्षी केवळ दोन पावले मागे सरला.

मी मेहुण्यास ओढत खाली आणले व गच्चीच्या दारास कुलूप घातले. अंथरुणावर टेकताच त्याला गाढ झोप लागली. माझ्या छातीवरचे ओझे उतरले.

"झोपला गं तो," मी पत्नीस सांगितले. "आता काळजी नाही."

मी वळून पाहिले.

ती खिडकीत बसली होती. गजांना गाल टेकलेला, मान ताणलेली.

गजांबाहेर एक उंच, राखाडी सावली थांबली.

तिने शांतपणे डोळे मिटले.